सहा महिने मोजायचे कुठून? पासपोर्ट तसाच वापरायचा की आधी रिन्यू करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पासपोर्ट २० मार्च २०२७ ला संपतोय. ५ सप्टेंबर २०२६ ला क्वालालंपूर, ९ ला बाली, २२ ला परत क्वालालंपूर आणि २४ ला घरी. तिकिटं काढून झालीत, निघायला साधारण तीन महिने आहेत. मिसेस आणि मुलीचे पासपोर्ट तीन वर्षांपूर्वी काढलेत म्हणून त्यांची चिंता नाही. स्वतःच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे, अजून काही वर्षं चालणारा. आणि विचारलंय असं की निघताना सहा महिन्यांपेक्षा जास्त व्हॅलिडिटी आहे, मग चालेल ना, उगाच रिन्यू करून उरलेले महिने का घालवायचे आणि व्हिसाची भानगड का मागे लावून घ्यायची.

उत्तर आधीच सांगते: रिन्यू करा, आणि या आठवड्यातच कामाला लागा. तुमचा हिशोब पाच तारखेसाठी बरोबर आहे, बावीस तारखेसाठी नाही. आता का ते नीट सांगते, कारण हाच घोळ बऱ्याच जणांचा होतो आणि पुढच्या ट्रिपलाही उपयोगी पडेल. मी बरीच वर्षं एअरलाइनच्या चेक-इन काउंटरवर होते, आता ट्रॅव्हल डेस्कवर व्हिसा आणि डॉक्युमेंट्सचं काम बघते, त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी बघितलंय.

मलेशिया आणि इंडोनेशिया दोघांनाही पासपोर्ट त्यांच्याकडे पोचायच्या दिवसापासून किमान सहा महिने व्हॅलिड लागतो. ५ सप्टेंबरला क्वालालंपूरला उतरलात तर ५ मार्चपर्यंत पाहिजे, तुमचा २० मार्चपर्यंत आहे, ठीक. ९ ला बालीत उतरलात, ९ मार्च, तेही ठीक. पण २२ ला तुम्ही मलेशियात पुन्हा नव्याने प्रवेश करणार. आधी एकदा येऊन गेलात म्हणून ती जुनी एन्ट्री चालू राहत नाही, बालीला जाताना एक्झिटचा शिक्का पडला की ती संपली. म्हणजे २२ सप्टेंबरपासून परत सहा महिने मोजायचे, ते येतात २२ मार्चला, आणि पासपोर्ट संपतोय २० ला. दोन दिवस कमी. दोन दिवसांनी काय होतंय असं वाटेल, पण सिस्टिमला दोन दिवस कमी आणि दोन महिने कमी यात काही फरक दिसत नाही.

म्हणून मी लोकांना सांगते की पासपोर्टला आजपासून किती दिवस शिल्लक आहेत हे मोजूच नका. आख्ख्या ट्रिपमध्ये तुम्ही ज्या ज्या दिवशी कुठल्या ना कुठल्या इमिग्रेशनसमोर उभे राहणार आहात त्या सगळ्या तारखा एका कागदावर लिहा आणि प्रत्येक तारखेला त्या देशाचा नियम लावा. क्रूझवाल्यांना तर हे फार लागतं, कारण एका आठवड्यात चार-पाच बंदरं होतात आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. आणि तारीख लिहायची ती पोचायची, निघायची नाही. रात्री साडेअकराचं विमान असेल तर तुम्ही उतरणार दुसऱ्या दिवशी, काठावरचा पासपोर्ट असेल तर तेवढ्यानेही हिशोब चुकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे "सहा महिन्यांचा नियम" असा सगळ्या जगाचा एकच नियम नाहीये. प्रत्येक देश आपलं आपलं ठरवतो, आणि मोजायला सुरुवात कुठून करायची हेही प्रत्येकाचं वेगळं. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया पोचायच्या दिवसापासून सहा महिने मोजतात. युरोपातल्या शेंगेन देशांना तुम्ही तिथून बाहेर पडणार त्या दिवसानंतर तीन महिने लागतात, आणि वर अजून एक अट, की प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट इश्यू होऊन दहा वर्षं उलटलेली नकोत. न्यूझीलंडचंही साधारण तीन महिने, तिथून निघायच्या तारखेनंतर. दक्षिण आफ्रिकेला मुक्काम संपल्यावर तीस दिवस पुरतात. ब्रिटनला मुक्काम संपेपर्यंत व्हॅलिड असला की झालं. अमेरिकेचा मूळ नियम मुक्कामानंतर सहा महिन्यांचा आहे, पण बऱ्याच देशांच्या नागरिकांना त्यातून सूट आहे, त्यांची एक यादी आहे, त्यात तुमचा देश असेल तर मुक्कामापुरता व्हॅलिड पासपोर्ट चालतो.

ही दहा वर्षांची अट कशाला, असं वाटत असेल तर त्याचं कारण सांगते. काही देश पूर्वी रिन्यू करताना जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात जोडून द्यायचे, ब्रिटननेही सप्टेंबर २०१८ पर्यंत दिले. त्यामुळे दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीचे पासपोर्ट लोकांच्या हातात आहेत, वर छापलेली एक्सपायरी डेट पुढची असते आणि तरी शेंगेनच्या दृष्टीने तो पासपोर्ट जुना झालेला असतो. अशा वेळी एक्सपायरी बघून भागत नाही, इश्यू डेटही बघायला लागते.

तुम्ही पासपोर्ट कुठल्या देशाचा ते लिहिलेलं नाही. मराठीत विचारलंय म्हणून मी काही गृहीत धरत नाही, बाहेर स्थायिक झालेले आणि तिथलं नागरिकत्व घेतलेले बरेच लोक असे प्रश्न विचारतात. त्यामुळे फॉर्म कुठला, फी किती, ऑफिसला जावं लागेल की पोस्टाने होईल, हे तुमच्या पासपोर्ट देणाऱ्या खात्याच्या साइटवरूनच घ्या. मी सांगतेय ते कुठल्याही पासपोर्टला लागू होणारं आहे.

आता काउंटरवर काय होतं ते. लोकांना वाटतं पासपोर्ट बघणारा पहिला माणूस तिकडचा इमिग्रेशन ऑफिसर. तसं नाही, पहिला माणूस चेक-इनवाला, आणि बहुतेक लोक अडकतात ते तिथेच. शिकागो कन्व्हेन्शन म्हणजे विमानवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या नवव्या परिशिष्टाप्रमाणे ज्या प्रवाशाला देशात घेतलं नाही त्याला परत न्यायची जबाबदारी एअरलाइनवर येते, वर बरेच देश एअरलाइनला दंडही लावतात. त्यामुळे काउंटरवरचा माणूस स्वतःच्या मनाने काही ठरवत नाही. तो पासपोर्ट मशीनमध्ये घालतो, सिस्टिम टायमॅटिकमधला नियम दाखवते, टायमॅटिक म्हणजे आयाटाचा, एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेचा, डेटाबेस, जगभरातल्या एअरलाइन्स तोच वापरतात. तिथे लाल दिसलं की बोर्डिंग पास छापला जात नाही, मग सुपरवायझरला बोलवायचं, वेळ असेल तर पलीकडच्या एअरपोर्टवरच्या आमच्या ऑफिसला विचारायचं, आणि त्यांनी नाही म्हटलं की विषय संपला.

मला एक गृहस्थ चांगले आठवतात. सोबत मिसेस, दोन मुलं, ट्रॉलीवर बॅगा रचलेल्या, आणि पासपोर्टला पाच महिने आणि वर काही दिवस शिल्लक. "मॅडम, अजून पाच महिने आहेत की, आम्ही तर आठ दिवसांत परत येतोय." त्यांचं म्हणणं माणूस म्हणून शंभर टक्के पटण्यासारखं होतं. मी सुपरवायझरला बोलवलं, त्यांनी फोन केला, तिकडून "नाही" असंच उत्तर आलं. मुलांचे आणि मिसेसचे पासपोर्ट व्यवस्थित होते, म्हणजे त्या तिघांना जाता येत होतं, यांना नाही. शेवटी चौघंही परत गेले. "मागच्या वेळी तर सोडलं होतं" हे वाक्य मी काउंटरवर खूप ऐकलंय. खरंही असेल, कधी कोणाच्या नजरेतून सुटतं. पण मागच्या वेळी सुटलं म्हणून या वेळी सुटेलच असं धरून कुटुंबाची ट्रिप काढू नये, एवढंच म्हणणं आहे.

तुमच्या बाबतीत अजून एक काळजीची गोष्ट आहे, तिकिटं कशी काढलीत? सगळी एकाच बुकिंगमध्ये असतील तर पहिल्याच काउंटरवर आख्खा प्रवास दिसण्याची शक्यता असते आणि अडचण घरच्या घरी कळते. पण क्वालालंपूर-बाली-क्वालालंपूर हे वेगळं स्वस्तातलं तिकीट असेल, आणि बहुतेक लोक तसंच काढतात, तर पाच तारखेला कोणी काही बोलणार नाही, नऊ तारखेलाही नाही. अडचण येईल २२ तारखेला बालीच्या एअरपोर्टवर, मलेशियाच्या विमानाच्या चेक-इनला. म्हणजे परदेशात, सुट्टी संपलेली, घरी जायचं तिकीट क्वालालंपूरहून आणि क्वालालंपूरला जायला मिळत नाहीये. मग आयत्या वेळी बालीहून थेट घरी जायचं तिकीट शोधायचं, चौपट दराने. घरच्या काउंटरवर अडवलेलं बरं म्हणायची वेळ येते.

यावर कोणी म्हणेल की क्वालालंपूरला बाहेरच पडू नका, नुसतं ट्रान्झिट करा. ते तिकीट एकच असेल, बॅग थेट शेवटपर्यंत टॅग झालेली असेल आणि तुम्ही इमिग्रेशनच्या अलीकडेच राहणार असाल तर वेगळी गोष्ट, पण तुमचा तर तिथे दोन दिवस मुक्काम आहे. आणि तिकिटं वेगवेगळी असली की बॅग घ्यायला बहुतेक वेळा इमिग्रेशन पार करूनच बाहेर यावं लागतं, म्हणजे परत एन्ट्री आलीच. ट्रान्झिटच्या भरवशावर राहायचं तर आधी बॅगेचं विचारा.

रिन्यू न करता मार्ग काढायचाच असेल तर एकच सरळ मार्ग दिसतो, शेवटचे दोन दिवस क्वालालंपूर काढून टाकायचं आणि बालीहून मलेशियात न उतरता घरी यायचं. नियमाने बसतं. पण तिकिटं बदलायचा खर्च, आणि बालीत काही कारणाने मुक्काम वाढला, आजारपण आलं, फ्लाइट कॅन्सल झाली तर हाताशी काहीच उरत नाही. निघायला तीन महिने असताना मी हा मार्ग सुचवणार नाही. तीन आठवडे असते तर कदाचित सुचवला असता.

उरलेले महिने फुकट जातात हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, बहुतेक देशांत ते आता परत मिळत नाहीत. पण विचार करा, शेवटचे सहा-सात महिने तसेही परदेशी जायला फारसे उपयोगाचे नसतातच. दहा वर्षांचा पासपोर्ट प्रत्यक्षात साडेनऊ वर्षांचाच असतो असं धरून चाला म्हणजे घालवल्यासारखं वाटणार नाही. मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते की एक वर्ष शिल्लक राहिलं की रिन्यूअलचं बघायला लागा. भारतीय पासपोर्ट असेल तर संपायच्या एक वर्ष आधीपासून री-इश्यूसाठी अर्ज करता येतो, म्हणजे तुम्ही त्या मुदतीत आधीच आहात.

लांब मुक्कामाला जाणाऱ्यांनी तर हे जास्तच लक्षात ठेवावं, तुमच्या प्रश्नात नाही पण वाचणाऱ्यांमध्ये कोणीतरी असेल. कॅनडाचं स्टडी किंवा वर्क परमिट पासपोर्टच्या एक्सपायरीच्या पुढे देत नाहीत. अमेरिकेत व्हिसा दोन वर्षांचा असला आणि पासपोर्टला आठ महिने राहिलेले असले तर एअरपोर्टवर आय-चौऱ्याण्णवमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीत, मुक्कामाची तारीख पासपोर्टच्या एक्सपायरीपर्यंतच दिली जाऊ शकते, आणि ती तारीख बघायची राहून गेली तर माणूस नकळत ओव्हरस्टे होतो. आत सोडलं म्हणजे सगळं ठीक, असं नसतं.

आता रिन्यू करायचं ठरलं की सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: नवीन पासपोर्टचा नंबर बहुतेक देशांत बदलतो. तुम्ही ज्याला व्हिसाची भानगड म्हणताय ती इथे आहे, आणि वाटते तेवढी मोठी नाही. अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर असला तरी त्याच्या मुदतीपर्यंत चालतो, जुना आणि नवीन दोन्ही पासपोर्ट सोबत न्यायचे, दोन्ही एकाच देशाचे आणि एकाच प्रकारचे पाहिजेत, आणि व्हिसाचं पान धड पाहिजे. स्टिकर सोडवून नव्या पासपोर्टला चिकटवायचा प्रयत्न कोणीही करू नका, तसं केलं की व्हिसा बाद.

आणि म्हणूनच रिन्यूअलला जुना पासपोर्ट देताना आत चालू व्हिसा आहे हे अर्जात आणि तोंडीही सांगा. रद्द करताना कुठे कोपरा कापतात, कुठे भोक पाडतात, कुठे नुसता शिक्का मारतात. कात्री व्हिसाच्या पानातून जायला नको. पासपोर्ट परत मिळाला की तिथेच उभं राहून ते पान उघडून बघा, घरी जाऊन नको. काही ठिकाणी, ब्रिटनचा पासपोर्ट असेल किंवा अमेरिकेचा पोस्टाने रिन्यू करत असाल तर, अर्जासोबत जुना पासपोर्ट त्यांच्याकडे पाठवावा लागतो, मग तो परत येईपर्यंत मध्येच कुठे कामासाठी बाहेर जायचं असेल तर जाता येणार नाही. पुढच्या दोन महिन्यांत ऑफिसची ट्रिप वगैरे आहे का ते आधी बघून घ्या.

कागदी व्हिसापेक्षा इलेक्ट्रॉनिक परवान्यांचं जास्त जपायला लागतं. अमेरिकेचं एस्टा, कॅनडाचं ईटीए, ब्रिटनचं ईटीए हे पासपोर्ट नंबरला बांधलेले असतात, नंबर बदलला की नव्याने अर्ज करायचा, जुन्याची मुदत बाकी असली तरी. ऑस्ट्रेलियाचा ई-व्हिसा असेल तर नवीन नंबर त्यांना कळवायचा. ब्रिटनचा ई-व्हिसा असेल तर त्यांच्या अकाउंटमध्ये नवीन पासपोर्ट जोडायचा. लोक हे विसरतात कारण हातात स्टिकर नसतो, आठवण करून द्यायला काही नसतं.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी पासपोर्ट हातात येऊ दे, मग व्हिसाचे अर्ज. तुमच्या ट्रिपला इंडोनेशियाचा ऑनलाइन व्हिसा ऑन अरायव्हल घेणार असाल तर तो जुन्या नंबरवर आत्ता काढून ठेवू नका. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवेशाआधीचा ऑनलाइन फॉर्म, तर पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचं असतं, त्यामुळे ते नव्या नंबरनेच भरलं जाईल, फक्त ते दोनदा भरायचंय हे लक्षात असू द्या, पाच तारखेसाठी एकदा आणि बावीससाठी परत. तिकिटाचं टेन्शन घेऊ नका, तिकीट नावावर असतं, पासपोर्ट नंबर दिला असेल तर बुकिंगमध्ये जाऊन बदलता येतो किंवा चेक-इनला सांगता येतं.

नावावरून आठवलं. रिन्यू करतोय तर हौसेने नावही नीट करून घेऊ, वडिलांचं नाव मध्ये टाकू, स्पेलिंग बदलू, असं बरेच जण करतात. आत्ता नको. तिकीट जुन्या स्पेलिंगने आहे, अमेरिकेचा व्हिसा जुन्या स्पेलिंगने आहे, आणि नाव बदललं की कागदपत्रं वाढतात, वेळ वाढतो. खरी चूक असेल तर दुरुस्त करायलाच पाहिजे, पण मग दोन-तीन आठवडे जास्तीचे धरा. पत्त्याचं मात्र उलटं आहे, राहता पत्ता बदलला असेल तर घाईघाईत जुनाच देऊ नका, कारण पडताळणी होते तिथे माणूस त्या पत्त्यावर सापडला नाही की फाइल अडकते आणि ती सोडवायला नव्या अर्जाइतकाच वेळ जातो.

किती दिवस लागतील? हे खरंच तुमच्या देशावर, शहरावर आणि सीझनवर आहे. साइटवर जे दिवस लिहिलेले असतात ते फाइल पूर्ण झाल्यापासूनचे असतात, अपॉइंटमेंट मिळायची वाट बघण्यातले दिवस त्यात नसतात, फोटो रिजेक्ट झाला तर तेही नसतात. माझ्या अनुभवात उशीर होतो तो ऑफिसमुळे जितका, तितकाच अर्जातल्या बारीक गोष्टींमुळे. फोटो जुना, फोटोवर फिल्टर, मागे सावली, चष्मा लावलेला (अमेरिकेने तर नोव्हेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या फोटोत चष्मा बंदच केलाय), सही जुन्या सहीशी जुळत नाही, एका कागदावर आडनाव आधी आणि दुसऱ्यावर नंतर. हे सगळं अर्ज टाकायच्या आदल्या दिवशी तास-दोन तास बसून तपासलं तर पुढचे कित्येक दिवस वाचतात.

अर्जंट सर्व्हिस बऱ्याच देशांत असते. तुमच्याकडे तीन महिने आहेत, माझ्या मते साध्या सर्व्हिसमध्ये सुरुवात करायला हरकत नाही, पण निघायच्या सहा आठवडे आधीपर्यंत पासपोर्ट हातात यायची चिन्हं नसतील तर चौकशीला लागा. आणि अगदीच वेळ गेली तर इमर्जन्सी पासपोर्ट काढू, हा विचार मनात ठेवू नका. तो एखाद्या प्रवासापुरता दिलेला असतो, सगळे देश तो स्वीकारत नाहीत, आणि ज्यांच्याकडे व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो त्यांच्याकडेही तो यावर मिळेलच असं नाही.

आता वहिनींचा आणि मुलीचा पासपोर्ट. तीन वर्षांपूर्वी एकत्र काढलेत म्हणून दोघींची मुदत एकच असेल असं नाही. बहुतेक देशांत लहान मुलांना दहा वर्षांचा देत नाहीत, पाच वर्षांचाच असतो. या ट्रिपला मुलीच्या पासपोर्टचं काही अडू नये, पण आज कपाटातून काढून तारीख डोळ्यांनी बघा. मुलांच्या रिन्यूअलला बऱ्याच देशांत आई-वडील दोघांच्या सह्या, संमती असं काही ना काही लागतं, आणि दोघांपैकी एक जण बाहेरगावी असला की तेवढ्यावरूनही थांबतं.

तारीख बघताना अजून एक. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन लांब ओळी असतात, मध्ये मध्ये टोकदार कंस भरलेले, तेच मशीन वाचतं. प्रत्येक ओळीत ४४ अक्षरं असतात. दुसऱ्या ओळीत आधी पासपोर्ट नंबर, मग देशाचा कोड, मग जन्मतारीख, मग एक अक्षर, आणि त्यानंतरचे सहा आकडे म्हणजे एक्सपायरी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. तुमच्या पासपोर्टवर ते २७०३२० असं दिसेल. वर छापलेली तारीख आणि ही एकच आहे ना, हे नवीन पासपोर्ट हातात आल्यावर मी नेहमी बघायला सांगते, सोबत नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीखही, कारण छपाईतली चूक त्याच दिवशी दाखवली तर लवकर सुटते.

व्हॅलिडिटी चांगली असूनही लोक परत पाठवले जातात त्याची दोन कारणं आहेत, त्यातलं एक कोरी पानं. इंडोनेशियाला दोन कोरी पानं लागतात. कोरं म्हणजे व्हिसा किंवा एन्ट्रीच्या शिक्क्यांसाठी दिलेलं पान, शेवटची सूचनांची किंवा नोंदींची पानं त्यात धरत नाहीत. तुमचा नवीनच येणार म्हणून हा प्रश्न मिटला, वहिनींचा मात्र बघा. पानं संपत आली असतील आणि प्रवास बराच होत असेल तर रिन्यू करताना जास्त पानांची पुस्तिका मिळते का ते विचारा, बऱ्याच देशांत मिळते.

दुसरं कारण पासपोर्टची अवस्था, आणि बालीला जाताना हे फार गांभीर्याने घ्या, तिथे पासपोर्ट खराब आहे म्हणून अडवलेल्या लोकांच्या तक्रारी बऱ्याच येतात. फोटोच्या पानाचं प्लॅस्टिक कोपऱ्यातून सुटलेलं, शिवण उसवलेली, पाण्यात भिजून फुगलेली पानं, एखादं पान फाटलेलं, मुलांनी पेनाने केलेलं चित्र. चित्रावरून आठवलं, पर्यटनस्थळी आठवण म्हणून मिळणारे शिक्के पासपोर्टमध्ये मारून घेऊ नका, पेरूमधल्या माचू पिचूला असा शिक्का मिळतो आणि लोक हौसेने पासपोर्टवरच मारून घेतात. पासपोर्टमध्ये सरकारी नोंदींशिवाय काहीही नको, एखादा कडक ऑफिसर त्यालाच खाडाखोड म्हणू शकतो. मुलीचा पासपोर्ट उजेडात धरून एकेक पान उलटून बघा. काही शंका वाटली तर तिचाही तुमच्यासोबत आत्ताच टाका, एकाच फेरीत काम होईल.

तर तुमच्यापुरतं: आज तिघांचे पासपोर्ट काढून तारखा आणि पानं बघा, तुमच्या रिन्यूअलची अपॉइंटमेंट किंवा अर्ज या आठवड्यात, नाव आहे तसंच, जुन्यात अमेरिकेचा व्हिसा आहे हे सांगून. पासपोर्ट आला की स्पेलिंग-तारीख तपासायची, सही करायची जागा असेल तर सही करायची (सही नसलेला पासपोर्ट काही ठिकाणी धरला जात नाही), मग बुकिंगमध्ये नंबर बदलायचा, मग इंडोनेशियाचा व्हिसा, मग निघायच्या आठवड्यात अरायव्हल कार्ड.

आणि निघायच्या आठ-दहा दिवस आधी एकदा एअरलाइनच्या साइटवर किंवा आयाटाच्या ट्रॅव्हल सेंटरवर तुमचा देश आणि प्रवासाचे टप्पे टाकून नियम परत बघून घ्या. माझ्या उत्तरावर, एजंटच्या सांगण्यावर किंवा मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्रावर शेवटपर्यंत विसंबू नका, हे नियम बदलतात आणि काउंटरवर त्या दिवशी स्क्रीनवर जे असतं तेच धरलं जातं. जुना पासपोर्ट या ट्रिपला न्यायची गरज नाही, तो अमेरिकेच्या व्हिसासकट घरी नीट ठेवा. पुढे अमेरिकेला जायचं ठरलं की तिकीट काढताना व्हिसावरची आणि नवीन पासपोर्टवरची नावं अक्षर न् अक्षर जुळतायत ना ते बघा. काही फरक दिसला तर इथेच लिहा, नेमका काय फरक आहे ते कळलं की पुढचं सांगता येईल.